खुलासा : 'चौपट चांगले मॅनेजर' हे खरं नाही

'एआय आणि व्हीआरने ट्रेनिंग घेतलेले मॅनेजर चौपट चांगलं काम करतात' असा एक मेसेज फिरतोय. (व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी जग.) माझ्याकडे तो एकाच दिवसात तीन ग्रुपवरून आला, म्हणून लिहितोय.

हा 'चौपट' पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या २०२० च्या अभ्यासातला आहे. अमेरिकेतल्या १२ ठिकाणच्या नव्या मॅनेजरना सर्वसमावेशक नेतृत्वाचा एकच अभ्यासक्रम तीन प्रकारे दिला गेला. वर्गात त्याला २ तास लागले, ई-लर्निंगने ४५ मिनिटं, हेडसेट लावून २९ मिनिटं. म्हणजे चौपट आहे तो वेग, काम नव्हे. पहिल्यांदाच हेडसेट घालणाऱ्याचा, पट्टे आवळण्यात नि बटणं शोधण्यात जाणारा वेळ धरला, तर तोही तिपटीवर येतो.

'शिकलेलं वापरण्याचा आत्मविश्वास २७५ टक्क्यांनी जास्त' हा आकडाही त्यातलाच, पण तो शिकणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेला. नंतर त्यांच्या हाताखालच्यांना काय फरक जाणवला, हे त्यातून कळत नाही.

आणि एआय? चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. २०२० च्या आकड्यांचं श्रेय त्याला कसं चिकटवणार?

खर्चाचंही तसंच. व्हीआर वर्गाइतकं स्वस्त पडायला पीडब्ल्यूसीच्या हिशेबात ३७५ शिकणारे लागतात. पंधरा जणांच्या ऑफिसने हेडसेटची ऑर्डर देण्याआधी एवढं बघावं.