मोबाइलवरून प्रोग्रॅमिंग: एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

गुहागरला असताना रत्नागिरीतल्या घरच्या संगणकावर मी मोबाइलवरून काम कसे करतो, या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: एवढ्याशा पडद्यावर कोड लिहिणे ही नुसती हौस असून ज्याला खरे काम करायचे तो लॅपटॉप नेतो, घरचा संगणक बाहेरून उघडा ठेवणे म्हणजे चोराला आमंत्रण, आणि जिथे पावसाळ्यात ना रेंज टिकते ना वीज, त्या कोकणात हा सल्ला देणेच चुकीचे आहे.

कोड मोबाइलवर चालतो, असे आपण गृहीत धरलेले दिसते. माझ्या मोबाइलवर फक्त टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची अक्षरांची खिडकी, असते. कोड, डेटाबेस आणि चाचण्या सगळे रत्नागिरीतच असते. अर्धा तास चालणारी चाचणी सुरू करून देणे, ती का फसली याचा लॉग वाचणे, सहकाऱ्याने केलेला बदल तपासणे, एखादी चुकलेली अट दुरुस्त करणे, एवढ्यासाठी पडदा पुरतो. टर्मक्स या अँड्रॉइडवरील टर्मिनल ॲपमध्ये आवाज कमी करण्याचे बटण कंट्रोल कळ म्हणून वापरता येते, त्यामुळे बोटांचेही फारसे हाल होत नाहीत. नवे मॉड्यूल मात्र मी मोबाइलवर लिहीत नाही आणि कोणी लिहावे असेही म्हणत नाही. दिवसभराचे काम असेल तेव्हा लॅपटॉप माझ्याही पिशवीत असतो. प्रश्न एसटीच्या गर्दीत किंवा नातेवाइकांच्या पूजेत आलेल्या वीस मिनिटांच्या कामाचा आहे.

रेंजचा मुद्दा आपण विरोधात मांडलात, पण मला तो या पद्धतीच्या बाजूचा वाटतो. दूरचा संपूर्ण पडदा चित्ररूपाने मोबाइलवर आणायचा तर डेटा भरपूर लागतो, आणि दुबळ्या रेंजमध्ये ते चित्र अडखळतच राहते. टर्मिनलवरून केवळ अक्षरे जातात-येतात. साध्या एसएसएचची, म्हणजे दूरच्या संगणकावर टर्मिनल उघडणाऱ्या नेहमीच्या सुरक्षित जोडणीची, अडचण वेगळी आहे: रेंज बदलून मोबाइलचा आयपी पत्ता बदलला की जोडणी तुटते. नेमक्या याच अडचणीसाठी एमआयटीतील कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी मॉश हा प्रोग्रॅम २०१२ मध्ये मांडला. तो कायम जोडणी न लागणाऱ्या यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर चालतो, पत्ता बदलला तरी संवाद पुढे चालू ठेवतो आणि टाइप केलेले अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता अंदाजाने दाखवतो. कोकण रेल्वेच्या उक्षी ते भोके या टप्प्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. तिथे रेंज गेली, तरी पलीकडे ती परतल्यावर सत्र होते तिथून पुढे सुरू होते. मॉशमध्ये मागचा मजकूर वर सरकवून पाहता येत नाही, ही उणीव टीमक्स, म्हणजे घरच्या संगणकावर टर्मिनलची सत्रे चालू ठेवणारा प्रोग्रॅम, भरून काढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोबाइलची बॅटरी संपली तरी टीमक्समधली चाचणी घरी चालूच राहते.

सुरक्षिततेबद्दलची आपली चिंता रास्त आहे, मात्र तिचे लक्ष्य चुकले आहे. घरच्या राउटरवर मी कोणताही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडलेला नाही. उघडूनही उपयोग नव्हता, कारण आमचा इंटरनेट पुरवठादार एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतो, त्यामुळे बाहेरून केलेली जोडणी माझ्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. घरचे यंत्र आणि मोबाइल हे दोघेही बाहेरच्या एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरला वायरगार्ड या कूटबद्ध खासगी जोडणीने (व्हीपीएन) जोडले जातात, आणि ओळख न पटलेल्या डेटाच्या पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही. एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश बंद आहे. त्याऐवजी वापरायची डिजिटल किल्ली प्रत्येक उपकरणाची वेगळी असल्यामुळे मोबाइल हरवला, तर घरच्या संगणकावरील त्याच्या किल्लीची एक ओळ आणि सर्व्हरवरील त्याची नोंद पुसली की काम झाले. ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीवर मोबाइलवरून थेट बदल चढवू नये, हे आपले मत मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. मोबाइलवरून केलेला बदल मी कोडच्या वेगळ्या शाखेतच, म्हणजे स्वतंत्र प्रतीत, ठेवतो, आणि मुख्य शाखेत तो दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय जात नाही.

राहिली वीज. इन्व्हर्टर तास-दोन तास सांभाळतो, पण जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी जो अंधार पाहिला, त्यापुढे इन्व्हर्टरची काय कथा! म्हणून संगणकाच्या बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतताच आपोआप सुरू होण्याचा पर्याय निवडलेला आहे. डिस्क कूटबद्ध असल्याने तो पासवर्डसाठी अडून बसतो. त्यासाठी घरात रास्पबेरी पाय हा एक छोटासा संगणक ठेवला आहे. वीज येताच तो स्वतः सुरू होऊन वायरगार्ड जोडतो आणि त्याच्यामार्फत मला संगणकाचा पासवर्ड देता येतो. टीमक्समधली सत्रे अशा वेळी नाहीशी होतात, म्हणून हातातले काम थोड्या थोड्या वेळाने गिट या कोडमधले बदल जपणाऱ्या प्रणालीत नोंदवत जावे लागते. माड पडून फायबरच तुटली, तर मात्र यातले काहीच चालत नाही, आणि मग लाइनमनची वाट पाहण्यावाचून माझ्याकडेही इलाज नसतो.