कुडगी कुठं अन् आपण कुठं, म्हणणाऱ्यांना

निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून निघते ती नुसती वाफ, भारतीय कोळशात गंधक नगण्य, विजयपूर जिल्ह्यातलं कुडगीचं कोळशावरचं केंद्र आपल्यापासून लांब, आणि पक्षी मरतात ते पवनचक्क्यांमुळं. पाठवणारे आपलेच लोक, म्हणून उत्तर देतो.

'नुसती वाफ.' पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरमधून वाफच निघते, कबूल. चिमणीची गोष्ट वेगळी. आपल्याकडे उसाचं गाळप सुरू झालं की दोरीवरच्या धोतरावर काजळी पडते, झटकायला गेलं की काळी रेघ उठते. ती निदान दिसते तरी. कोळशाची ९९ टक्क्यांहून जास्त राख चिमणीआधीच्या यंत्रात अडते, म्हणून वर स्वच्छ दिसतं. पण गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू, तो त्या यंत्रातून सरळ निघून जातो.

'गंधक नगण्य.' साधारण अर्धा टक्का. टनामागं ५ किलो. जळताना गंधक आपल्या वजनाइतकाच प्राणवायू घेतं, म्हणजे झाले १० किलो सल्फर डायऑक्साइड. कुडगीत ८०० मेगावॅटचे ३ संच आहेत. ते पूर्ण क्षमतेनं चालले तर दिवसाला ३०,००० टनांच्या वर कोळसा लागतो. गंधक काढणारी यंत्रणा नसेल तर करा गुणाकार: रोज ३०० टन. वीस टन उसाच्या पंधरा खेपा, आणि त्या हवेत रिकाम्या करायच्या!

'लांब आहे.' बेळगावपासून सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. वाटेत या वायूची सल्फेटची बारीक धूळ होते आणि ती शेकडो किलोमीटर जाते. चिमणी उंच केली तर घाण जवळ कमी पडते, दूर जास्त. नाहीशी होत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, हवा धुवायला पाऊसही नसतो. आणि नेमके तेव्हाच घटप्रभेच्या धुपदाळ बंधाऱ्यावर पाहुणे पक्षी उतरलेले असतात.

'पक्षी पवनचक्क्यांमुळं मरतात.' मरतात, खोटं नाही. माळढोक तर विजेच्या तारांना धडकून मरतो, त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. पण पवनचक्कीखाली मेलेला पक्षी मोजता येतो. कोळशातला पारा वाफ होऊन उडतो, पावसाबरोबर पाण्यात उतरतो, गाळातले जिवाणू त्याचं आणखी विषारी रूप करतात. किड्यातून माशात, माशातून खंड्यात नाहीतर पाणकावळ्यात जाताना तो दर पायरीला साठत जातो. त्याचा मार मेंदूवर आणि विणीवर. न फुटलेल्या अंड्याची नोंद कोण ठेवणार? शिवाय पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा गाळतात. विषारी वायू आधी कळावा म्हणून इंग्लंडच्या खाणीत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा नेत, ते उगाच नव्हे. आणि तेच मासे आपणही खातोच की.

'तिथल्या लोकांची तक्रारच नाही' असंही एक वाक्य आहे. जुलै २०१४ मध्ये कुडगीच्या शेतकरी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला होता. पुढं बोलायला नको.

राहिला खर्च. गंधक काढणारी यंत्रणा बसवली की वीज थोडी महागणार, हे खरं. म्हणूनच हा वायू किती सोडायचा याची डिसेंबर २०१५ मध्ये ठरलेली मर्यादा पाळायची मुदत सरकारनं पुनःपुन्हा पुढं ढकलली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सल्फरच्या यंत्रणेतून सूटच दिली. या यंत्रणेला लागते मुख्यतः चुनखडी, आणि तिच्यातून जिप्सम निघतं, जे सिमेंटला चालतं. बागलकोटकडं चुनखडीही आहे आणि सिमेंटचे कारखानेही.