विरोधक म्हणजे शत्रू? हे सहा वर्षांच्या पोरीला सांगायचं?

"मुलांना निवडणूक सोप्या भाषेत समजवा" असा एक मेसेज चारपाच दिवस सगळीकडे फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर वहिनीनेच टाकला म्हणून गप्प होतो. पण परवा संध्याकाळी पुतणी पडवीत एकटीच बसलेली. आई म्हणाली, "काय गो, आज खेळाक जावचा नाय?" तर पोरगी म्हणते, शेजारच्या पोराचे बाबा आपले शत्रू आहेत.

शेजाऱ्याने गेल्या वेळी ग्रामपंचायतीला भावाच्या पॅनलविरुद्ध फॉर्म भरलेला, एवढंच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोघे आजही एकाच दोरीला असतात आणि मासळीचा वाटा पण बाजूबाजूला बसूनच घेतात!

तर मेसेजचा पहिलाच मुद्दा, "विरोधी पक्ष म्हणजे देशाचा शत्रू, हे मुलांच्या मनावर लहानपणीच बिंबवा." अरे बाबांनो, शत्रूला कोण पगार देतं का? संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला पगार आणि घर सरकारी खर्चाने मिळतं, १९७७ चा कायदाच आहे तसा. आणि तो आणला कुणी, तर जनता सरकारने. आपल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते त्यात रेल्वेमंत्री होते, आणि समोर विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण. आता बघा, चव्हाण मंत्री असलेल्या सरकारने आणीबाणीत दंडवत्यांना तुरुंगात टाकलेलं, आणि दंडवते मंत्री असलेल्या सरकारने चव्हाणांच्या पदाला पगार लावला. राग नसेल का? असणारच. पण समोर बसून प्रश्न विचारणारा माणूस लागतो हे कळत होतं त्यांना. बरं दंडवते स्वतः आधी विरोधात, मग मंत्री, मग परत विरोधात, १९८९ ला परत मंत्री. मग ते शत्रू नक्की कुठल्या साली होते तेवढं मेसेजवाल्याने सांगावं.

दुसरा मुद्दा, नोटा (यापैकी कुणीच नको) सगळ्यात जास्त पडला की निवडणूक परत. आता हे अर्धं खरं आहे, मानावं लागेल. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी तसा आदेश काढलेला. पण लोकसभा-विधानसभेला तसं काही नाही, तिथे नोटा कितीही पडू दे, उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो.

बाकी ते "यादीत नाव नसेल तर आधार दाखवून चॅलेंज व्होट करा" आणि "१४ टक्के टेंडर व्होट झाले की फेरमतदान" हे जुनंच तुणतुणं आहे. यादीत नाव नाही तर मत नाही, विषय संपला. चॅलेंज म्हणजे समोरचा मतदार खराच तो आहे का यावर उमेदवाराच्या पोलिंग एजंटने २ रुपये भरून घेतलेली हरकत, आणि टेंडर म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर आपल्याला मिळणारी कागदी मतपत्रिका. १४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही. आणि हे सहा वर्षांच्या पोराला कशाला सांगायचं ते तर देवच जाणे.

पुतणीला मी एवढंच सांगितलं, तुझे बाबा म्हणतात आधी नळाचं काम, ते काका म्हणतात आधी पाखाडी (पायऱ्यांची वाट), मग गाव बटण दाबून ठरवतं. तिने विचारलं, हरला तो घरी बसतो? म्हटलं नाही गो, तो ग्रामसभेत येऊन विचारतो, नळाला पाणी का नाही.

मग गेली खेळायला. दिवेलागणीला परत आली ती गुडघा फोडून, दोघांनाही सरपंचच व्हायचं होतं म्हणे.