'ससे कशाला मारायचे?' – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुलांच्या हर्नियाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनासाठी सशांवर केलेल्या प्रयोगाबद्दल मी मागे लिहिलं. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'लहान मुलाच्या हर्नियाचं ऑपरेशन उघडून केलं तरी पोर संध्याकाळी घरी येतं. मग दुर्बिणीच्या हौसेपायी ससे कशाला मारायचे?' प्रश्न रोखठोक आहे आणि अर्धा मला मान्यच आहे. नुसता हात बसवायला ससा लागत नाही, कॅमेरा लावलेला सरावाचा डबा पुरतो. उघडी शस्त्रक्रियाही उत्तमच, मी आजही करतो. दुर्बिणीचा एक फायदा मात्र हौसेत मोडत नाही : त्याच भुलीत दुसऱ्या बाजूची जांघही आतून पाहता येते.

आता उरलेला अर्धा. मुलांच्या जांघेतल्या हर्नियात मोठ्यांसारखं स्नायूचं दुखणं नसतं. वृषण खाली उतरताना पोटाच्या अस्तराची पिशवी सोबत येते, तिचं तोंड मिटायचं राहून जातं. उघड्या शस्त्रक्रियेत आम्ही ती पिशवी सोडवतो, बांधतो आणि कापतो. कापलेल्या जागी व्रण धरतो. दुर्बिणीच्या एका पद्धतीत मात्र सुई अस्तराच्या बाहेरून, शुक्रवाहिनीला चुकवत, तोंडाभोवती फिरवायची आणि गाठ कातडीखाली पुरायची. कापणं नाहीच. गुळगुळीत अस्तराला गुळगुळीत अस्तर टेकलेलं, भिस्त सगळी दोऱ्यावर. उद्या दोरा सैल पडला तर?

नर सशात पोटातून वृषणाकडे जाणारा हा मार्ग जन्मभर उघडाच असतो. म्हणून अमेरिकेत मुलांचे सर्जन टॉड पॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी हे सशांवर तपासलं. निष्कर्ष २०१२ साली छापून आले. कुठे नुसता टाका घातला, कुठे अस्तर मुद्दाम दुखवून टाका घातला आणि नंतर टाके काढून पाहिले. दुखवलेली जागा जास्त टिकली. म्हणजे तोंड मिटवून ठेवतो तो व्रण. दोरा त्याला वेळ मिळवून देतो. आता सांगा, बरं झालेल्या मुलाचा टाका 'बघू तरी' म्हणून काढू द्यायला कोणते आई-बाप तयार होतील?

माझी चूकही सांगतो. 'या बाबतीत ससा म्हणजे छोटं मूलच' असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. सशाचा उघडा मार्ग हा आजार नाही, ती त्याची घडण आहे. तो चार पायांवर चालतो, जांघेवरचा दाब वेगळा. शिवाय काही आठवड्यांचा प्रयोग मुलाच्या दहा वर्षांबद्दल काय सांगणार? या प्रयोगातून मी एवढंच उचललं : गाठ मारण्याआधी शुक्रवाहिनीची बाजू सोडून अस्तर जरासं जाळून घ्यायचं.

आणि तुमचा 'मारायचे' हा शब्द. मी लेखात 'प्राणी वापरले' असं लिहून तो सफाईने टाळला होता. अशा प्रयोगांच्या शेवटी प्राणी बहुधा मारलेच जातात, हे मला ठाऊक असूनही. ते वाक्य आज बदललं आहे.