ऑनलाइन विक्री म्हटली की जीएसटी नंबर लागतोच? नाही

घरगुती विक्री करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑनलाइन एक वस्तू जरी विकली तरी जीएसटी नंबर सक्तीचा. व्हॉट्सॲपवर विकणाऱ्यांनाही सुटका नाही. यूपीआयचे पैसे सरकारला दिसतात, नोटीस येणारच. आजच नंबर काढून ठेवा, धंदा नसेल तर शून्य रिटर्न भरा, तोटा काहीच नाही.’ खाली नंबर काढून देणाऱ्याचा मोबाइल. नोकरी किंवा घर सांभाळून चार पैसे जोडणाऱ्या बायका हे वाचून घाबरतात आणि गरज नसताना पैसे मोजतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘एक वस्तू विकली तरी सक्तीचा.’ हे एकेकाळी खरं होतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला, मेसेज मात्र बदलला नाही. आता महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातल्या राज्यातच जात असेल, तर अशा ठिकाणीही नोंदणीशिवाय विकता येतं. त्यासाठी जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो, आणि त्यावर रिटर्न भरायचं नसतं.

‘व्हॉट्सॲपवालेही सुटत नाहीत.’ स्वतःच ऑर्डर घेऊन स्वतःच कुरिअर करणाऱ्याला तर हा एनरोलमेंट नंबरही लागत नाही. त्याचीही मर्यादा तीच, ४० लाख. पण खरी मेख वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही: पार्सल जातं कुठे? सावंतवाडीहून कोकम आगळाची बाटली गडचिरोलीला पाठवली तर ती राज्यांतर्गत विक्री. तीच बाटली हाकेच्या अंतरावरच्या, पण गोव्यातल्या पेडण्याला पाठवली की आंतरराज्य विक्री, आणि करपात्र मालाला तिथे पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. पत्त्यावरचा पिनकोड नीट बघा. ४०० मुंबई, ४०२ रायगड, पण ४०३ म्हणजे गोवा. बेळगाव ५९०, म्हणजे कर्नाटक. मेसेज ज्याला घाबरवतो त्याला बहुतेकदा धोका नसतो. ज्याला खरंच धोका आहे, त्याला तो काहीच सांगत नाही. नोंदणी लागत असून केली नाही तर दंड १०,००० रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, यातला जास्त असेल तो.

अपवादही आहेत. फक्त करमुक्त माल, म्हणजे पापड किंवा छापील पुस्तकं, विकत असाल तर नोंदणी लागतच नाही, माल कुठेही जाऊ दे. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना आंतरराज्य विक्रीत अटींसह सूट आहे. ऑनलाइन शिकवणीसारख्या सेवेची मर्यादा २० लाख, विद्यार्थी दुसऱ्या राज्यातले असले तरी. माल आणि सेवा दोन्ही असतील तर मिळून २० लाखच धरा. उलाढाल मोजताना एका पॅनवरची सगळी विक्री येते, नफा नव्हे. पगार त्यात येत नाही.

‘यूपीआय दिसतं, नोटीस येणारच.’ जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या, हे खरं. पण वर्षाची जमा मर्यादेपलीकडे दिसत होती म्हणून त्या नोटिसा गेल्या. महिन्याला पंधरा-वीस हजारांची विक्री करणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. घरखर्चाचे पैसे आणि विक्रीचे पैसे यांची खाती मात्र वेगळी ठेवाच.

‘तोटा काहीच नाही.’ या वाक्याचा मला सर्वात जास्त राग येतो. सरकार नोंदणीची फी घेत नाही, पण नोंदणी झाली की पहिल्या रुपयापासून कर. डोंबिवलीत कुर्ते शिवून ५०० रुपयांना विकणाऱ्या ताईंना भाव न वाढवता त्यातले सुमारे २४ रुपये जीएसटीचे बाजूला काढावे लागतात. कापडावर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण त्यासाठी पक्कं बिल हवं, आणि सुट्ट्या खरेदीच्या कापडाचं ते बहुतेकदा नसतं. शिवाय तिमाही पर्याय घेतला तरी वर्षाला आठ रिटर्नं. शून्य रिटर्न चुकलं तरी दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, प्रत्येक रिटर्नला ५०० पर्यंत. आठही चुकली तर ४,०००. धंदा वाढवायचा, राज्याबाहेर जायचं ठरलं असेल तर नोंदणी जरूर करा. भीतीपोटी नको.

जीएसटी लागत नाही म्हणजे आयकर माफ, असंही समजू नका. पगारदाराने विक्रीचा नफा आयकर विवरणपत्रात दाखवायलाच हवा, आणि त्यासाठी आयटीआर-१ हा पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही.

मेसेज वाचून आधीच नंबर काढला असेल आणि गरज नसेल, तर पोर्टलवर आरईजी-१६ हा अर्ज भरून तो रद्द करता येतो. आधी थकलेली रिटर्नं भरा. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्नही भरा, नाहीतर त्यावरही विलंब शुल्क चढतं.