खुलासा : निवेदन द्यायला कसलीही नोंदणी-फी नाही

"सुवर्णसौधमध्ये (बेळगावातलं कर्नाटकचं विधानभवन) मंत्र्यांना निवेदन द्यायचं तर आधी 750 डॉलर भरून लॉबिस्ट म्हणून नोंदणी करा" हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर फिरतोय. लॉबिस्ट म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी सरकारदरबारी वजन टाकणारा माणूस. काल मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा.

750 डॉलर ही अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची फी. तिथल्या केंद्र सरकारच्या 1995 च्या कायद्यात नोंदणी आहे, पण फी नाही. आपल्याकडे लॉबिस्ट नोंदणीचा कायदाच नाही.

आज राज्यघटनेचं 350 वं कलम काढून वाचलं. गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतं. म्हणजे मराठीतही! पीकनुकसानीचा अर्ज लिहून ठेवलेला शेतकरी त्या मेसेजमुळे घरी बसायला नको. कृपया तो पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.