डिमर भंगारात देण्याआधी मीटर नीट वाचा

डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र. नाटकाच्या लाइटवाल्यांमध्ये त्याबद्दल एक फॉरवर्ड फिरतो: 'जुने ॲनालॉग डिमर वीज जाळतात, व्होल्टेज चुकीचं देतात, दिवे गुणगुणतात, पार्ट मिळत नाहीत, डीएमएक्सवर चालत नाहीत. भंगारात काढा.' (डीएमएक्स म्हणजे आजच्या लाइट बोर्डांची डिजिटल कंट्रोल पद्धत.)

'वीज जाळतात.' रेझिस्टन्स डिमर जाळायचे. त्यात मेनच्या 230 पैकी 115 व्होल्ट दिव्यावर आणि 115 रेझिस्टन्सवर आले, की दिवा खाईल तेवढीच वीज नुसती उष्णता होऊन जायची. थायरिस्टरवाला (एससीआर किंवा ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा) डिमर दर 10 मिलिसेकंदांच्या अर्ध्या लहरीत थोडा वेळ बंद राहतो, मग चालू होतो. चालू असताना त्याच्यावर दीडेक व्होल्ट पडतो. 2 किलोवॉटच्या दिव्याला 8.7 अँपिअर लागतात, म्हणजे नुकसान जेमतेम 13 वॉट. हॅलोजन एलईडीपेक्षा खूप जास्त खातो हे खरं, पण ते बिल दिव्याचं.

'व्होल्टेज चुकीचं देतात.' बहुतेक वेळा मीटर चुकतं. अर्धी लहर बरोबर मधोमध कापली तर दिव्याला पॉवर निम्मी मिळते, म्हणजे खरं आरएमएस व्होल्टेज (पॉवरच्या हिशेबाने धरलेलं) 163. स्वस्त मीटर सरासरी मोजून शुद्ध साइन वेव्हच्या हिशेबाने आकडा लावतं, म्हणून 115 दाखवतं. ट्रू आरएमएस मीटर घ्या, निम्मे 'बिघाड' तिथेच मिटतील.

फेडर (उजेड ठरवणारी सरकती दांडी) पूर्ण वर असूनही व्होल्टेज 230 पेक्षा बरंच कमी दिसलं आणि दिवा फडफडत असला, तर मात्र बिघाड खरा. पाठीला पाठ लावलेल्या दोन एससीआरपैकी एकच पेटतोय. त्यांना पेटवणारा गेटचा पल्स दोघांपर्यंत पोचतो का ते बघा. फेडर शून्यावर असूनही दिवा पूर्ण पेटलेला असेल तर एससीआर किंवा ट्रायॅक शॉर्ट. मेन काढून, दिवा सोडवून त्या एससीआरच्या किंवा ट्रायॅकच्या दोन मुख्य टोकांत रेझिस्टन्स मोजा. शून्याजवळ आला की बदला. सगळेच चॅनेल एकदम थरथरत असतील तर पॉवर सप्लायचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलाय. एकच चॅनेल उड्या मारत असेल तर फेडरचा कार्बन ट्रॅक झिजलाय. नवा फेडर तेवढ्याच ओहमचा, लिनिअर (सरकवू तसा समान बदलणारा) घ्या. लॉग लावलात तर सगळा फेड एका टोकाला गोळा होतो.

'पार्ट मिळत नाहीत.' बीटीए41-600 ट्रायॅक, एलएम324 आयसी, 1000 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आजही सहज मिळतात. अडतं ते कारखान्याने खास बनवून घेतलेल्या फेडरपाशी आणि गेटला पल्स पोचवणाऱ्या पल्स ट्रान्सफॉर्मरपाशी.

'दिवे गुणगुणतात.' करंट एकदम चढला की फिलॅमेंट थरथरते, आणि मधल्या पातळीवर सर्वांत जास्त. तो चढ सावकाश करायलाच चोक (तारेचं वेटोळं) असतो. दुरुस्तीत कुणी चोक काढून तिथे सरळ वायर जोडली, की दिवे गाऊ लागतात.

'डीएमएक्सवर चालत नाहीत.' डीएमएक्सचे 0 ते 10 व्होल्ट करणारा डबा लावला की चालतात. पण स्ट्रँड कंपनीचे काही जुने डिमर उणे 10 व्होल्टवर चालतात. आधी फेडर पूर्ण वर करून कंट्रोल वायरवर काय येतं ते मोजा.

एलईडी पार (स्टेजचा एलईडी दिवा) मात्र डिमरच्या चॅनेलवर, फेडर पूर्ण वर ठेवूनसुद्धा, लावू नका. त्याला थेट मेन द्या. डिम होणारा साधा एलईडी बल्ब फडफडत असेल तर त्याच चॅनेलवर 100 वॉटचा फिलॅमेंट बल्ब जोडून विंगेत आडोशाला ठेवा, म्हणजे थायरिस्टरला टिकून राहायला पुरेसा करंट मिळतो.